कवडूची नवी गाडी आणि तिच्या पोटातली पेटी

खाप्याच्या कवडूला रस्त्यात कोणी राम राम केला, तर तो आधी मागे वळून बघायचा, की हा राम राम मागच्या कोणाला तर नाही. आपल्यालाच आहे असं पक्कं झालं, की मग विचारात पडायचा, की काहून केला असेल. राम रामचं उत्तर देईपर्यंत समोरचा माणूस कन्हान नदीच्या पुलापर्यंत पोचलेला असायचा.

हा संशय त्याने कुठून शिकून आणला नव्हता, तो जन्माचाच होता. त्याच्या आधीची लेकरं आईच्या हाती लागली नाहीत, म्हणून हा जन्मल्याबरोबर आईने त्याला शेजारणीच्या ओटीत टाकला आणि एक कवडी देऊन परत विकत घेतला. असं केलं की यमाला वाटतं, हे पोरगं या घरचं नव्हेच, आणि तो पुढच्या दाराला जातो. म्हणून नाव कवडू. आता बघा, ज्याच्या आयुष्याची सुरुवातच यमाला फसवून झाली, तो पुढे साध्यासुध्या माणसांवर काय म्हणून विश्वास ठेवणार?

उन्हाळ्यात कन्हानच्या रेतीत डांगरवाड्या, म्हणजे खरबुजांचे मळे लागायचे. कवडू डांगर घ्यायला गेला, की आधी बोटाने वाजवायचा, मग कानाला लावायचा, मग कापायला सांगायचा, आणि कापलेली पहिली फोड विकणाऱ्याला खायला लावायचा. विकणारा गोड तोंड करून हसला, तर हा म्हणायचा, "तू तं हसशीलच गा. तुहंच डांगर हाय."

लग्नासाठी मुलगी पाहायला गेला तेव्हाची गोष्ट तर त्यांच्या घराण्यात अजून सांगतात. मुलीने, म्हणजे प्रयागबाईने, पोह्यांची बशी पुढे केली. पोहे खारट झाले होते. कवडूने एक घास खाल्ला आणि सगळ्या मंडळींसमोर विचारलं, "हे पोहे तूच केले का?" मुलीने मान खाली घातली आणि म्हणाली, "नाही जी. शेजारच्या काकूनं केले." कवडू तिथल्या तिथे उभा राहिला आणि सोबत आलेल्या आपल्या काकाला म्हणाला, "पोरगी खरं बोलते. जमवून टाका." संसाराला लागल्यावरही तो चारचौघांत सांगायचा, की माह्या बायकोवर माहा भरोसा हाय, अन् तो पोह्यापासून हाय. प्रयागबाई तेव्हा पदर तोंडाला लावायची. लोकांना वाटे, लाजते.

घरची शेती भावाने सांभाळली आणि कवडू ट्रकवर गेला. नागपूरला अमरावती रोडवर वाडीत, जिथे गोदामाला गोदाम लागून आहे आणि ट्रकामागे ट्रक उभा असतो, तिथे एक भाड्याची खोली घेऊन त्याने आयुष्य काढलं. आणि एक सांगून ठेवतो, संशयी माणूस ट्रकवर फार चांगला. समोरच्या गाडीने डावीकडचा दिवा दाखवला, की कवडू समजायचा, हा आता उजवीकडे घुसणार, आणि आधीच पाय ब्रेकवर. ढाब्यावर झोपला, तर एक डोळा टाकीच्या झाकणावर. एवढ्या वर्षांत त्याच्या गाडीने कोणाला खरचटवलं नाही, की त्याच्या गाडीतून वाटेत एक पोतं उतरलं नाही. त्याचा मालक मधुसूदन शेठ धरमपेठेत राहायचा, पण दिवसभर वाडीच्या ऑफिसात बसायचा. तो नव्या ड्रायव्हरांना सांगायचा, "कवडूभाऊकडून शिका. हा माणूस आरशावरही विश्वास ठेवत नाही, मान बाहेर काढून पाह्यते."

हेच नाव कवडूची सगळी कमाई होती. ते जायची वेळ आली, आणि ती एका नव्याकोऱ्या गाडीमुळे आली.

त्याआधीच्या जुन्या गाड्यांवर शेठने बाजारातून आणून डब्या लावल्या होत्या, गाडी कुठे आहे ते ऑफिसात दिसावं म्हणून. डबीची वायर डॅशबोर्डखालून गेलेली असायची. ड्रायव्हर लोक ती वायर हलकेच उपसायचे आणि शेठचा फोन आला की म्हणायचे, "डबीले झोप लागली असन शेठ." कवडूने मात्र कधी ती वायर उपसली नाही. इमानदारीने नाही बरं का. त्याला शंका होती, की वायर कोण उपसतो हे पाहायलाच ती इतकी सैल ठेवली असावी.

पण डबी म्हणजे कशी, तर बैलाला बाहेरून लागलेल्या गोचिडासारखी. दिसते, बोटांत धरता येते, उपटता येते. नवी गाडी आली ती हे सगळं पोटातूनच घेऊन आली. गाडीला नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली, प्रयागबाईने बोनटवर कुंकवाची पाच बोटं ओढली, आणि शेठ हातात चावी धरून म्हणाला, "या गाडीले मी काही लावलं नाही. कारखान्यातूनच पेटी बसवून आली आहे. गाडी कुठं उभी, किती जोरात चालली, ब्रेक कसा मारला, इंजन किती वेळ फुकट चालू राह्यलं, टाकीत डिझेल किती, सगळं तिकडं ऑफिसात रितिका मॅडमच्या पडद्यावर दिसते."

"कुठं हाय पेटी?" कवडूने विचारलं.

"आतच आहे कुठंतरी. मलेही माहीत नाही."

"अन् बोललेलं ऐकू येते का?"

शेठला गंमत सुचली. "त्याचं आता कारखानेवाल्यालेच माहीत," तो म्हणाला, आणि चावी कवडूच्या हातात देऊन हसत हसत गेला. शेठ ते बोलून विसरला. कवडूच्या मनात मात्र त्या दिवसापासून तेच घर करून बसलं.

पहिल्याच दिवशी त्याने गाडी वाडीच्या आवारात उभी केली आणि पेटी शोधायला लागला. सीट उचलून पाहिली. गालिचा उचलून पाहिला. डॅशबोर्डला कान लावून पाहिला. पायाजवळ आत एक काळं डबडं दिसलं, त्याचा दिवा लुकलुकत होता. कवडूने त्याच्यावर आपला दुपट्टा असा टाकला, जसा पिंजऱ्यातल्या पोपटावर टाकतात. पुढे गाडी सर्व्हिसिंगला गेली तेव्हा मिस्त्री म्हणाला, काका, हे तर थंड्या हवेच्या मशीनचं आहे, याला घाम येऊन राहिला. दुपट्टा निघाला. खरी पेटी काही सापडली नाही. आणि वस्तू एका जागी सापडली नाही, की ती सगळ्याच जागी आहे असं वाटायला लागतं.

मग कवडूने बोलण्याची तऱ्हा बदलली. आधी गाडी चालवताना तो रस्त्याला, खड्ड्याला, सरकारला आणि शेठला सारख्याच शिव्या द्यायचा. आता केबिनमध्ये पाय ठेवला, की गळा साफ करून म्हणायचा, "आपला शेठ मोठा देवमानूस." खड्ड्यात चाक गेलं, की दात आवळून म्हणायचा, "रस्ता चांगला हाय, गाडीचंच वजन जास्त हाय." ढाब्यावर दुसरा ड्रायव्हर केबिनमध्ये येऊन बसला आणि पगाराचं बोलायला लागला, तर कवडू तोंडावर बोट ठेवून त्याला खाली उतरवायचा, चिंचेच्या झाडामागे न्यायचा आणि तिथे म्हणायचा, "हं, आता बोल."

प्रयागबाईचा फोन आला, तर तिच्याशीही तसंच. "जेवलो मी. तू बी वेळेवर जेवत जा. तब्येत सांभाळजो."

प्रयागबाई तिकडे फोनकडे बघत राहिली. तिच्या सगळ्या संसारात नवऱ्याने तिच्या तब्येतीचं नाव काढलं नव्हतं. तो घरी आल्यावर तिने दार लावलं आणि विचारलं, "कोन हाय जी ती?"

"कोन?"

"जिच्यासमोर तुमी मले गोड गोड बोलता ती."

कवडूने पेटीची गोष्ट सांगितली. प्रयागबाईने ऐकून घेतली आणि म्हणाली, "बाप्पा. तीस वर्सं म्या सांगतलं गोड बोला, तं नाही ऐकलं. डबड्यानं न सांगता ऐकलं." पण तिचा पूर्ण विश्वास बसला नाही. पुढच्या दोन खेपांना तिने त्याच्या शर्टाचा वास घेऊन पाहिला.

ऑफिसात काचेआड ती रितिका बसायची. नुकतीच लागलेली, शांत पोरगी. ती कवडूला पाहिलं की हसायची, कारण तिला मोठ्या माणसांना पाहून हसायची सवय होती. कवडू मात्र तिथून घाम पुसत बाहेर यायचा. काय पाहिलं हिने? कुठल्या गावचं पाहिलं?

आता गाडीच्या वाटेवरची एक जागा सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. छिंदवाड्याकडे माल घेऊन जाताना सौंसर सोडलं, की पुढे घाट लागतो. त्या चढावावर डाव्या हाताला एक शेंदूर लावलेला दगड आहे, वर छप्पर नाही, बाजूला फक्त एक घंटी टांगलेली. ती मरीमाय. कवडूच्या उस्तादाने, खाप्याच्याच रामाजीने, त्याला गाडी शिकवताना या जागेचा रिवाज शिकवला होता. चढावावरच गाडी उभी करायची. ओंजळभर पाणी मायीवर, ओंजळभर पुढच्या चाकावर. दोन अगरबत्त्या लावायच्या आणि त्या जळून संपेपर्यंत थांबायचं. आणि एवढा वेळ इंजन बंद करायचं नाही. रामाजी म्हणायचा, "बंद गाडी म्हंजे मुर्दा. मायीसमोर कोनी मुर्दा घेऊन उभं रायते का गा?" वर शपथ घालून हेही सांगायचा, की हे कोणाजवळ बोलायचं नाही, मालकाजवळ तर नाहीच, बोललं की पुण्य उतरते.

डांगराची पहिली फोड विकणाऱ्याला खायला लावणाऱ्या कवडूने हे मात्र न वाजवता, न कापता, जसंच्या तसं घेतलं. गाड्या बदलल्या, मालक बदलले, घाटातला रस्ता रुंद झाला, पण त्याचं इंजन मायीसमोर कधी बंद झालं नाही.

आणि नेमकं हेच पेटीने पाहिलं.

शेठने त्याला आत बोलावलं. रितिका बाजूला उभी होती आणि आज हसत नव्हती. कवडूला वाटलं, झालं.

"कवडूभाऊ," शेठ म्हणाला, "घाटात थांबता का तुम्ही?"

"कोनत्या घाटात?"

"सौंसरच्या पुढच्या. दर खेपेले त्याच जागी. इंजन चालू ठेवून."

खरं सांगावं, तर उस्तादाची शपथ. आणि दुसरं म्हणजे, कवडूला वाटलं, हा डाव आहे. यांना सगळं माहीत आहे आणि मी काय बोलतो ते पाहून राहिले. तो म्हणाला, "चहा पेतो."

रितिका हळूच म्हणाली, "काका, तिथं टपरी नाहीये. मी नकाशात पाह्यलं. मागेपुढे जंगलच आहे."

"थर्मस हाय माह्याजवळ."

"मग थर्मसातल्या चहासाठी टाकीतलं डिझेल काहून कमी होते?" शेठने विचारलं. "गाडी उभी, अन् डिझेल खाली जाते. इंजन नुसतं चालू ठेवून एवढं जात नाही. दर खेपेले पडद्यावर लाल खूण येऊन राह्यली."

कवडूला आता कळलं. डिझेल काढलं, असं म्हणतो हा. मला म्हणतो.

"मी तुम्हाले चोर म्हणत नाही," शेठ म्हणाला. "पण पेटी खोटं बोलत नाही."

"अन् मी बोलतो?"

शेठने टेबलावरच्या चावीकडे पाहिलं. "थर्मस तरी दाखवा," तो म्हणाला.

थर्मस कुठून दाखवणार? नव्हताच. कवडू उगीच खिसे चाचपायला लागला, आणि ते पाहूनच शेठचा चेहरा पडला. तो म्हणाला, "सोमवारपर्यंत चावी इथंच राहू द्या. काय खरं ते विचार करून सांगा. नाहीतर गाडी मी दुसऱ्याले देतो, अन् कोणी विचारलं तं का दिली तेही मले सांगावं लागन."

वाडीत ते सांगणं म्हणजे काय, हे कवडूला ठाऊक होतं. तिथे दारू पिणाऱ्या ड्रायव्हरला गाडी मिळते, भांडखोराला मिळते, ज्याला रात्री नीट दिसत नाही त्यालाही एखादा मालक घेतो. पण डिझेलचोर हा शिक्का बसला, की एका गोदामापासून दुसऱ्या गोदामापर्यंत बातमी चालत जाते, आणि मग माणूस बस स्टँडवर ऑटो घेऊन रांगेत दिसतो. कवडू ऑफिसातून निघाला तेव्हा त्याला वाटलं, आवारातला प्रत्येक माणूस आपल्याकडे बघून राहिला आहे. आणि गंमत अशी, की आयुष्यभर तो जगाकडे जसा बघत आला होता, तसंच जग आता त्याच्याकडे बघत होतं. ते त्याला अजिबात आवडलं नाही.

घरी प्रयागबाईने ऐकलं. मायीचं तिला ठाऊक होतं, कारण 'कोणाजवळ'मध्ये कवडूने बायको धरली नव्हती. ती म्हणाली, "मंग सांगून टाका ना मायीचं."

"उस्तादानं नाही म्हनलं हाय."

"उस्ताद तुमाले रोटी घालते का? चला खाप्याले. त्याईलेच इचारा."

"त्याईनं नाही म्हनलं तं?"

"तं मी बोलतो त्याईच्यासंग."

कवडूला पेटीपेक्षा हे जास्त भयंकर वाटलं. दोघं दुसऱ्या दिवशीच्या बसने खाप्याला गेले.

रामाजी आता नव्वदीकडे झुकलेला, ओसरीवर उन्हात बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होता. एक दाणा टोपल्यात, एक तोंडात. कवडूने पाया पडून सगळं सांगितलं. पेटीचं, लाल खुणेचं, थर्मसचं. शेवटी हात जोडून म्हणाला, "उस्ताद, मले शपथेतून सोडा. मायीसमोर मुर्दा काहून उभा करायचा नाही, हे शेठले सांगू द्या."

रामाजीने हातातली शेंग खाली ठेवली. मग त्याचे खांदे हलायला लागले. कवडूला वाटलं, म्हातारा रडतो आहे. पण तो हसत होता, आणि हसता हसता त्याला ठसका लागला, प्रयागबाईने पाणी दिलं, ते पिऊन तो पुन्हा हसायला लागला.

"अगा कवड्या," तो म्हणाला, "तू अजून इंजन चालू ठेवते का गा तिथं?"

"म्हंजे?"

"माही ब्याटरी खराब होती बे तवा. चढावावर बंद केली असती तं मालासकट कोनं ढकलली असती? तू? काडीएवढा तं होता."

कवडूने जोडलेले हात सोडले. "मंग तो मुर्दा?"

"मुर्दा तुह्यासाठी होता गा. ब्याटरीचं सांगतलं असतं तं तू घाटभर इचारत आला असता, उस्ताद, ब्याटरी कशी खराब झाली, कवा झाली, नवी काहून नाही घेत, दुकानदारानं फसवलं का. देवाचं नाव घेतलं तं चूप बसला. मले वाटलं, बरं झालं, पोट्ट्याचं तोंड बंद कराचा उपाय भेटला."

"अन् कोनाजवळ बोलू नको म्हनलं ते?"

"लाइट चालू ठेवून झोपलो होतो मी. माह्या चुकीनंच बसली ते ब्याटरी. मालकाले समजलं असतं तं हाकललं असतं ना मले." रामाजीने डोळे पुसले. "पुढच्या साली नवी गाडी भेटली, अन् मी तं ते इसरूनच गेलो. तू धरून बसला."

रामाजीने खाली ठेवलेली शेंग कवडूने उचलून सोलली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मंग माय?"

"माय खरी हाय," रामाजी म्हणाला. "ब्याटरी खोटी होती."

परत येताना बसमध्ये कवडू खिडकीला डोकं लावून बसला होता. सावनेर आलं तेव्हा त्याने डोकं उचललं. मग म्हणाला, "सगळ्या दुनियेवर शंका घेतली म्या. दोनच जागी नाही घेतली. एक उस्ताद, अन् एक तू."

प्रयागबाईला वाटलं, आज हा माणूस हलकाच झाला आहे, तर सगळंच एकदम होऊन जाऊ द्यावं. ती म्हणाली, "पोहे म्याच केले होते."

"काय?"

"खारट झाले म्हून काकूचं नाव सांगतलं."

कवडूने तिच्याकडे पाहिलं. मग समोरच्या कंडक्टरकडे पाहिलं, जणू तोही आता उठून काहीतरी कबूल करणार आहे. वाडीचा स्टॉप येईपर्यंत त्याने तिकिटं दोनदा काढून तपासली.

सोमवारी तो शेठसमोर उभा राहिला आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. मरीमाय सांगितली, पाणी सांगितलं, अगरबत्ती सांगितली, उस्तादाची ब्याटरी सांगितली. खरं बोलण्याची एक अडचण असते. खोटं माणूस जमवून सांगतो, म्हणून ते जुळतं. खरं जसं असतं तसंच सांगावं लागतं, आणि मग ते ऐकणाऱ्याला खोटं वाटतं.

शेठने कपाळाला हात लावला. "कवडूभाऊ, तुमच्या उस्तादाच्या ट्रकची त्या जमान्यातली ब्याटरी, अन् माह्या टाकीतलं आजचं डिझेल. याचं काय लागते एकमेकाले?"

इंजन का चालू होतं, ते कवडूने सांगितलं होतं. डिझेल का कमी होत होतं, ते त्यालाही माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही आता शंका यायला लागली होती, की आपण अगरबत्तीसमोर डोळे मिटतो तेव्हा मागून कोणी टाकी उघडतं की काय.

तेवढ्यात रितिका काचेआडून बाहेर आली. "सर, एक पाहाल का? आपल्याला लाल खूण आली की आपण तेवढीच पाह्यतो. मी आज सकाळी पूर्ण खेपेची डिझेलची रेघ उघडून पाह्यली." तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे पाहा, घाटात थांबले, डिझेल खाली गेलं. अन् हे वर सपाटीवर पोचले. डिझेल परत वर आलं. दर खेपेला असंच."

शेठ वाकून बघायला लागला. पण त्याच्या आधी कवडूच पुढे सरकला. "परत वर आलं? कोनं टाकलं?"

"कोणीच नाही काका."

"कोनी टाकल्याबिगर कसं वाढन? अन् रस्त्यात फुकटचं डिझेल कोन टाकून राह्यला माह्या गाडीत?"

शेठला हसू आलं. "चोर असा कुठं असते का, घाटात काढते अन् वर नेऊन परत टाकते?"

रितिकाला वाटत होतं, की गाडी चढावावर उभी राहिली की टाकीतलं डिझेल एका अंगाला सरकतं, आणि आतलं माप ज्या अंगाला आहे तिथे ते कमी दिसतं. चालती गाडी सारखी हलते, म्हणून तिथे पेटी तेवढं मनावर घेत नाही, पण उभ्या गाडीतलं डिझेल उतरलं की ती ओरडते. पण तिने ते वाटण्यावर सोडलं नाही. गोदामाच्या मागे माल चढवायचा उतार होता. तिथे गाडी नेऊन नाक वर करून उभी करायची, आणि इथे पडद्यावर बघायचं.

शेठने स्वतः चावी कवडूच्या हातात दिली. गाडी उतारावर चढली, थांबली. पडद्यावरची रेघ थोडा वेळ सरळ राहिली आणि मग खाली उतरली. शेठच्या खिशातला फोन वाजला: लाल खूण. गाडी सपाटीवर आणली, रेघ वर गेली.

"झालं," शेठ म्हणाला. "मिटलं. चला."

"थांबा शेठ," कवडू खिडकीतून म्हणाला. "असं कसं मिटलं? पुन्हा घेऊ."

"अगा, तुमच्याच बाजूनं लागलं ना."

"म्हूनच म्हनतो. एखाद्या वेळेस माह्याच बाजूनं खोटं सांगत असन पेटी."

त्याने गाडी पुन्हा चढवली. मग उलटी लावून चढवली, तेव्हा रेघ खाली जायच्या ऐवजी वर गेली, आणि कवडू खाली उतरून टाकीचं झाकण उघडून स्वतः आत डोकावला, की खरंच तर नाही वाढलं. आवारातले हमाल पोती खाली ठेवून बघत उभे राहिले. ज्याच्यावर चोरीचा आळ होता तो माणूस आपल्या निर्दोषपणाची एवढी कडक तपासणी घेतो आहे, असं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. शेवटी शेठने हात जोडले आणि टपरीवरून चहा मागवला.

"घ्या कवडूभाऊ," तो म्हणाला. "थर्मसातला नाही."

शेठचं माफी मागणं तेवढंच होतं, आणि कवडूला ते पुरलं. फक्त चहा पिण्याआधी त्याने शेठला एक घोट घेऊ दिला.

जाताना रितिकाने त्याला थांबवलं. "काका, त्या जागेचं नाव सांगा. पडद्यावर लिहून ठेवते, म्हणजे तिथं थांबले तर लाल खूण येणार नाही."

"नाव काहून पायजे?"

"नकाशात तिथं काहीच नाहीये म्हणून."

कवडूने तिच्याकडे निरखून पाहिलं. ती हसत होती, पण आता त्याला वाटलं, कदाचित ही पोरगी उगीचच हसत असेल. "मरीमायीचा चढाव," तो म्हणाला. "अन् बाई, त्या पेटीले सांगजो, तिथं कान बंद ठेव म्हना."

"काका, पेटीला कानच नाहीयेत. तिला आवाज ऐकू येत नाही."

"येत नाही?"

"नाही."

इतक्या खेपा गोड बोलण्यात फुकट गेल्या, हे समजून कवडूला पोह्यांपेक्षाही जास्त वाईट वाटलं.

पुढच्या खेपेला तो घाटात पोचला तेव्हा ऊन चढलं होतं. गाडी नेहमीच्या जागी उभी केली. शेठने सांगितलं होतं, आता तरी इंजन बंद करत जा. कवडूचा हात चावीवर गेला आणि थांबला. ब्याटरी खोटी होती, हे त्याला पटलं होतं. पण एवढ्या वर्षांची सवय हातात होती, आणि हात काही उस्तादाकडे खाप्याला गेला नव्हता. त्याने मायीकडे पाहिलं. मग डोळे मिटून चावी फिरवली.

गाडी गप्प झाली. आणि कवडूला पहिल्यांदा त्या जागेचा आवाज ऐकू आला. सागाच्या वाळल्या पानांवरून काहीतरी खसखसत गेलं. खालून कुठूनतरी पाण्याचा बारीक आवाज येत होता. इतक्या वर्षांत त्याला माहीतच नव्हतं, की इथे खाली नाला आहे. वाऱ्याने घंटी आपोआप हलली. कवडूने ओंजळभर पाणी मायीवर टाकलं, ओंजळभर चाकावर, आणि अगरबत्त्या जळेपर्यंत तो नुसता ऐकत बसला.

मग केबिनमध्ये चढून, जीव मुठीत धरून त्याने चावी फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. त्याने ती पुन्हा बंद केली, पुन्हा सुरू केली. मग फोन लावला.

"रितिका, थांबलो होतो मी. दिसलं का?"

"दिसलं काका. मरीमायीचा चढाव. इंजन बंद होतं, मग दोनदा सुरू केलं."

कवडूने खिडकीतून मागेपुढे पाहिलं. अगदी बरोबर होतं. त्यानेच केलं होतं आणि त्याच्याशिवाय तिथे कोणी नव्हतं.

"बरोबर सांगून राह्यली तुही पेटी," तो शेवटी म्हणाला. "चाल, ठेवतो. अन् आइक. परतीच्या वेळेस मी इथं थांबीनच, असं समजू नको. थांबीन बी, नाही बी थांबीन. पाहू मंग ते काय सांगते."